पत्र तीनदा परत येतं, ते टायपिंगच्या वेगामुळे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात सहा महिन्यांपूर्वी लागलात. परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची, मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांची प्रमाणपत्रं हातात आहेत. साहेब पत्रं कधी समोर बसवून सांगतात, कधी प्रवासात असताना व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतात. तुम्ही टाइप केलेलं जवळपास प्रत्येक पत्र लाल खुणा होऊन दोन-तीनदा परत येतं. तर स्पीड वाढवावा, की शॉर्टहँडचा क्लास लावावा?

निदान आत्ता तरी दोन्ही नको. आधी वेगाचा हिशोब करून पाहा. कर्मचारी निवड आयोगाच्या लघुलेखक परीक्षेत 'क' श्रेणीला मिनिटाला १०० शब्दांनी दहा मिनिटं मजकूर सांगतात, म्हणजे १००० शब्द. इंग्रजी मजकूर संगणकावर उतरवायला ४० मिनिटं मिळतात. भागाकार केला तर मिनिटाला २५ शब्द. 'ड' श्रेणीला ८० शब्दांनी दहा मिनिटं सांगतात आणि उतरवायला ५० मिनिटं देतात. म्हणजे मिनिटाला १६. हिंदीसाठी वेळ याहून जास्त. ज्यांचा हा पेशाच आहे त्यांच्याकडूनही या टप्प्यावर तुमच्या चाळिसाइतका वेग कोणी मागत नाही. उरलेला वेळ असतो तो शॉर्टहँडच्या खुणा वाचायला, वाक्य जुळवायला आणि तपासायला. तुमची पत्रं परत येतात ती याच कामात.

सांगितलेलं उतरवणं हे एक काम वाटतं, पण ती तीन कामं आहेत: ऐकून डोक्यात धरणं, बोललेल्याचं लेखी करणं, आणि झालेलं ताडून पाहणं. नवीन माणूस तिन्ही एकाच दमात करतो. कान पुढच्या शब्दावर, बोटं मागच्या शब्दावर आणि डोळे ऱ्हस्व-दीर्घावर. मग तिन्हीकडे थोडं थोडं सांडतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या साहेबांवर आणि कागदाच्या प्रकारावर अवलंबून आहे, आणि ती विचारून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका: भाषा किती बदलायची? चौकशीतला जबाब असेल तर शब्दशः, अडखळणंसुद्धा ठेवायचं. सभेचं इतिवृत्त असेल तर ठराव शब्दशः आणि चर्चेचा गोषवारा. साधं पत्र असेल तर बहुतेक साहेबांची अपेक्षा असते की मी बोलेन आणि तू नीट लिहिशील. पण काहींना स्वतःचा शब्द बदललेला अजिबात खपत नाही. "साहेब, भाषा कार्यालयीन करू की तुम्ही सांगाल तशीच ठेवू?" एवढं एकदा विचारलं की निम्म्या लाल खुणा आपोआप कमी होतात.

आता ऐकण्याबद्दल. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर येतो. "सदर कर्जदारास मुदतवाढ देण्याची शाखेची शिफारस मुख्य कार्यालयास मान्य" इथपर्यंत ऐकून तुम्ही टाइप करत सुटलात, आणि पुढे आलं "करता येत नाही." इंग्रजी पत्रात 'नॉट' बहुधा लवकर येऊन जातो, मराठीत शेवटचे दोन शब्द सगळं वाक्य फिरवू शकतात. म्हणून शब्दामागे शब्द टाइप करायची सवय मोडा. पूर्ण वाक्य, ते फारच लांब असेल तर निदान अर्थ लागेल एवढा अख्खा तुकडा ऐकायचा, थांबवायचं, मनात एकदा म्हणायचं आणि मग टाइप करायचं. सुरुवातीला पाच-सहा शब्दच डोक्यात राहतील. महिनाभरात बारा-पंधरा राहू लागतात. वाढवायचा तो हा वेग.

त्यासाठी साधनंही थोडी नीट लावा. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून टाइप करू नका. कान झाकणारा साधा हेडफोन घ्या. व्हॉट्सॲपचा आवाज संगणकावर उतरवून व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा. चौकटी कंसाच्या कळांनी वेग कमी-जास्त होतो, शिफ्ट आणि डावा बाण दाबला की तीन सेकंद मागे जातं. या कळा एरवी व्हीएलसीची खिडकी समोर असतानाच चालतात. सेटिंगमध्ये हॉटकीजच्या यादीत 'ग्लोबल' नावाचा रकाना आहे, तिथे थांबवणे आणि मागे नेणे यांना कळा नेमून दिल्या की वर्डमध्ये टाइप करता करता आवाज हाताळता येतो. वेग ०.८ च्या आसपास ठेवा. ०.७ च्या खाली स्वर ताणले जातात आणि 'सदर'चा 'सादर' ऐकू येऊ लागतो, म्हणजे उलट नुकसान. काम रोज तासाभराहून जास्त असेल तर यूएसबीवर चालणारं पायाचं पेडल कार्यालयाला घ्यायला सांगा. पाय उचलून पुन्हा ठेवला की आवाज दोन सेकंद मागून सुरू होईल असं त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येतं, आणि हात कीबोर्डवरून हलत नाहीत.

आता एक नमुनाच घेऊ. समजा साहेबांचा आवाज असा आला:

"हां, शाखा व्यवस्थापकांना पत्र काढ. विषय थकबाकी वसुली. संदर्भ त्यांचं पत्र, पंधरा जून… नाही, पाच जून. तर त्यांना लिही, तुमची थकबाकी मार्चअखेर पावणेदोन कोटी होती ती आता सव्वादोन झालीय, हे काही बरोबर नाही. पंधरा दिवसांत वसुलीचा आराखडा पाठवा म्हणावं, नाहीतर… नाहीतर नको, अन्यथा पुढील कार्यवाही करावी लागेल असं घाल. एक प्रत विभागीय अधिकाऱ्यांना."

कच्चा खर्डा असा व्हायला हवा:

"विषय : थकबाकी वसुलीबाबत. संदर्भ : आपले पत्र जा. क्र. [?], दि. ५ जून. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या शाखेची थकबाकी मार्चअखेर रु. १.७५ कोटी होती. ती आता [कोणत्या तारखेस?] रु. २.२५ कोटी झाली आहे. ही बाब योग्य नाही. तरी १५ दिवसांच्या आत [कधीपासून?] वसुलीचा आराखडा या कार्यालयास सादर करावा, अन्यथा पुढील कार्यवाही करावी लागेल. प्रत माहितीसाठी : विभागीय अधिकारी."

इथे काय बदललं आणि काय नाही, ते नीट बघा. "पंधरा… नाही, पाच" यातलं पंधरा गळलं. म्हणूनच पूर्ण आवाज एकदा नुसता ऐकून मगच कीबोर्डला हात लावायचा. साहेबांनी स्वतःच दुरुस्त केलेलं पहिल्या ऐकण्यात टिपून ठेवलं की पुन्हा खोडावं लागत नाही. "झालीय" चं "झाली आहे" झालं, "हे काही बरोबर नाही" चं "ही बाब योग्य नाही" झालं. हा रूपाचा बदल, तो तुमच्या अखत्यारीत. पण "ही बाब अत्यंत गंभीर आहे" असं लिहिलं असतं तर ते साहेबांच्या तोंडी घातलेलं झालं असतं.

आकडा मुद्दाम १.७५ कोटी असा ठेवला आहे. पावणेदोन कोटी हा बोलण्यातला अंदाजाचा आकडा असतो. तो १,७५,००,००० असा लिहिला की वाचणाऱ्याला तो पैशापर्यंत अचूक वाटतो, आणि शाखेचा माणूस ताळेबंद काढून तुमचा आकडा चुकीचा ठरवतो. शक्य असेल तर थकबाकीचं विवरणपत्र काढा आणि खरा आकडा समासात पेन्सिलीने लिहून साहेबांपुढे ठेवा. खर्ड्यात परस्पर घालू नका.

राहिले चौकटी कंस. जावक क्रमांक सांगितलेला नाही, तो फाइलमध्ये सापडेल. 'आता' म्हणजे कोणती तारीख, आणि पंधरा दिवस पत्राच्या तारखेपासून की पत्र मिळाल्यापासून, हे फक्त साहेब सांगू शकतात. नवीन माणूस इथे "हे पत्र मिळाल्यापासून" असं सवयीने घालून मोकळा होतो. वाक्य छान दिसतं, पण मुदत तुम्ही ठरवलीत. जे ऐकू आलं नाही, तिथेही हाच कंस वापरायचा आणि आत वेळ टाकायची: [अस्पष्ट ०३:१२]. पत्र अंतिम करताना वर्डच्या 'फाइंड'मध्ये '[' शोधायचा, एकही सापडला नाही तरच प्रिंट.

कान कुठे फसतो, ते आधी माहीत असेल तर तेवढ्याच जागा दोनदा ऐकता येतात. कार्यालयीन मराठीत माझ्या मते सगळ्यात महागडी जागा म्हणजे नकाराचा 'अ'. "विनंती अमान्य", "सेवा अस्थायी", "प्रस्ताव अपात्र" यात मागचा उच्चार पुढच्या 'अ'ला गिळतो आणि "विनंती मान्य" ऐकू येतं. असा शब्द आला की थांबून मागचं-पुढचं वाक्य पाहायचं: कारणं दिली आहेत का? कारणं असतील तर बहुधा ते नकाराचंच पत्र. मग येतात जुळी भावंडं: सदर आणि सादर, प्रदान आणि प्रधान, देय आणि देयक, अपर आणि अवर. यातलं काहीही वर्डचा स्पेलचेक पकडणार नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

आकड्यांची गंमत वेगळीच. मराठीत एकक आधी बोलतो, दशक नंतर. 'त्रेसष्ट' ऐकता ऐकता टाइप केलं की बोट आधी ३ वर जातं. 'एकोणसत्तर' मध्ये कान 'सत्तर' धरतो आणि हात ७ दाबून बसतो. पंचावन्न, पंच्याऐंशी आणि पंच्याण्णव किंवा सत्तावन्न आणि सत्त्याण्णव फोनच्या आवाजात एकसारखे वाटतात. त्यात आपल्याकडे साहेब लोक मध्येच 'फिफ्टीन पर्सेंट' म्हणतात, तेव्हा फिफ्टीन की फिफ्टी हा प्रश्न असतोच. सव्वा, साडे, पावणे हे पुढच्या शब्दाला धरून वाचायचे: सव्वाशे १२५, पावणेदोनशे १७५, पाऊण लाख ७५,०००, अडीच हजार २,५००, पावणेतीन हजार २,७५०. आकडा पूर्ण ऐकेपर्यंत टाइप करायचा नाही, हा नियम वाक्याच्या नियमाहून कडक पाळा. शंका आली तर साहेबांना "काय म्हणालात?" असं मोघम विचारू नका. "पंचावन्न की पंच्याण्णव, साहेब? पाच-पाच की नऊ-पाच?" असं विचारलं की उत्तर एका शब्दात मिळतं आणि कोणी चिडत नाही.

नावांना पर्याय नाही. ती कानावर कधीच सोडू नका. सावंत की सामंत, काळे की काले, हे कर्जखात्यात किंवा हजेरीपटात पाहायचं. गावांचंही तसंच. वडगाव एकट्या पुण्याच्या आसपास शेरी आहे, बुद्रुक आहे आणि मावळातलंही आहे. कर्जदाराची नोटीस चुकीच्या वडगावला गेली तर टपालखर्चापेक्षा मुदत वाया जाते, ते जास्त बोचतं.

लेखनाबद्दल थोडंच सांगतो, कारण नियम छापलेले मिळतात. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ नियम एकदा शांतपणे वाचा. दीड तासाचं काम आहे. तुमच्या कामात रोज लागणारा भाग म्हणजे शब्द वाढला की ऱ्हस्व होणारा किंवा गळणारा आतला स्वर: मंजूर पण मंजुरी, वसूल पण वसुली, जमीन पण जमिनीचा, तारीख पण तारखेस. दुसरा भाग शेवटच्या अनुस्वाराचा. मी हे उत्तर बोलल्यासारखं लिहितोय, म्हणून "केलं, असं, त्यांचं" चाललं; साहेबही असंच बोलणार. पत्रात मात्र "केले, असे, त्यांचे". तिसरा भाग लिंगाचा: यादी सादर करण्यात यावी, प्रस्ताव सादर करण्यात यावा, विवरणपत्र सादर करण्यात यावे. सांगणारा माणूस मध्येच नाम बदलतो ("प्रस्ताव… यादीच मागव") आणि क्रियापद जुन्या नामाचंच राहतं. ते शोधून जुळवणं तुमचं काम. "उपरोक्त विषयास अनुसरून" यासारखी ठरलेली वाक्यं वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये दोन-तीन अक्षरांच्या खुणेला बांधून ठेवा. मात्र संक्षेप असा निवडा जो एरवी शब्द म्हणून येत नाही. 'सन' ला 'सविनय नमस्कार' बांधलात तर प्रत्येक आर्थिक वर्षाला नमस्कार होईल.

तपासणी तीनदा, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या गोष्टीसाठी. पहिल्यांदा आवाज नेहमीच्या वेगाने लावून डोळ्यांनी मजकूर वाचायचा, हात बांधून. यात गळालेले शब्द सापडतात. दुसऱ्यांदा आवाज बंद, फक्त आकडे, तारखा, नावं आणि क्रमांक मूळ कागदाशी ताडायचे. 'सोमवार दि. १२' असेल तर कॅलेंडर उघडून वार बघा. अंकी आणि अक्षरी रक्कम जुळते का ते बघा. 'सोबत : ३' लिहिलं असेल तर तीन कागद टाचणीला आहेत का ते बघा. तिसऱ्यांदा छापील प्रतीवर, शक्यतो अर्ध्या तासाने. आपण नुकतंच टाइप केलेलं पडद्यावर वाचताना मेंदू लिहिलेलं न वाचता अपेक्षित असलेलं वाचतो. घाई असेल तर तिसरी वेळ गाळा, दुसरी कधीच नाही.

सरावासाठी बातम्या ऐकून लिहा असं बरेच जण सांगतील. कान तयार व्हायला ते ठीक, पण भाषा तुमची नाही. त्यापेक्षा तुमच्याच कार्यालयाची जुनी जावक फाइल घ्या, वरिष्ठांची परवानगी काढून. त्यातलं साधारण १५० शब्दांचं पत्र घरच्या कोणाला तरी मोबाइलवर मिनिटाला ६० शब्दांच्या आसपास, म्हणजे अडीच मिनिटांत वाचून रेकॉर्ड करायला सांगा. उतरवा, मूळ पत्राशी ताडा आणि प्रत्येक चूक वहीत पाचपैकी एका रकान्यात टाका: ऐकली नाही, आकडा, ऱ्हस्व-दीर्घ, लिंग-वचन, शब्द गळाला. दोन आठवड्यांनी वही उघडली की तुमचा खड्डा कुठे आहे तो दिसेल. बहुतेकांच्या चुका दोनच रकान्यांत साठतात, आणि मग सराव तेवढ्याचाच करायचा. १५० शब्दांत तीन चुका, म्हणजे दोन टक्के, याच्या खाली सलग पाच दिवस आलात तरच वाचण्याचा वेग ८० वर न्या. आधी वेग वाढवला की चुकाही पक्क्या होतात.

साहेब समोर बसवून सांगतात तेव्हा मागे नेण्याचं बटण नसतं. त्यांची हरकत नसेल तर मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा, पण विचारून. वहीच्या पानावर उजवीकडे एक तृतीयांश भाग मोकळा सोडा. दुरुस्त्या आणि शंका तिकडे. निसटलेल्या शब्दाच्या जागी फुली मारा आणि पुढे चला. वाक्याच्या मध्ये थांबवलंत तर त्यांची साखळी तुटते आणि ते पुन्हा वेगळंच सांगतात. परिच्छेद संपला की फुल्या विचारा, आणि शेवटी आकडे आणि नावं तेवढी वाचून दाखवा.

शॉर्टहँडचं उत्तर यावरूनच ठरतं. साहेब रोज अर्ध्या तासाहून जास्त समोर बसवून सांगत असतील, किंवा तुम्हाला पुढे शासकीय लघुलेखकाच्या पदाकडे जायचं असेल, तर जरूर शिका. राज्य शासनात लघुटंकलेखकाला मिनिटाला ८०, निम्न श्रेणी लघुलेखकाला १०० आणि उच्च श्रेणीला १२० शब्द लागतात. तिथे त्याशिवाय दार उघडत नाही. मात्र पिटमन या शॉर्टहँडच्या पद्धतीत वेगाने लिहिताना बरेच स्वर गाळले जातात, त्यामुळे मान्य-अमान्यची अडचण शॉर्टहँड शिकूनही जात नाही. तिथे स्वर मुद्दाम टाकावाच लागतो. तुमचं बहुतांश काम व्हॉट्सॲपच्या आवाजावरचं असेल, तर क्लासचा वेळ वर सांगितलेल्या सरावावर घाला.

फोनच्या व्हॉइस टायपिंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. कच्चा मजकूर मिळवायला ते चालतं. विरामचिन्हं बहुधा नसतात, साहेबांनी खोडलेलं वाक्यही तसंच येतं आणि 'सदर-सादर' तर तुम्हालाच पाहावं लागतं. म्हणजे तपासणी टळत नाही, टायपिंग तेवढं थोडं कमी होतं. शिवाय तो आवाज सहसा बाहेरच्या सर्व्हरवर जातो. कर्जदारांची खाती, कर्मचाऱ्यांची चौकशी असले विषय त्यावर लेखी परवानगीशिवाय घालू नका. साहेबांनी पाठवलेला मूळ आवाज मात्र पत्रावर सही होऊन ते जावकला लागेपर्यंत पुसू नका. "मी असं म्हणालोच नव्हतो" हे वाक्य आलं की तो आवाज शांतपणे पुन्हा ऐकता येतो. कधी साहेब बरोबर निघतात, कधी तुम्ही.